दोन डिस्कच्या मिररवर स्वॅप आणि क्रॅश डंप कसा लावावा?

लालबागच्या ऑफिसातला डेबियन (लिनक्स) सर्व्हर, दोन डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा ठेवणाऱ्या मिररमध्ये. स्वॅपमध्ये (रॅममधला डेटा तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा) टाकाऊ डेटा असतो, मग तो मिररबाहेर ठेवला तर चालेल का, आणि क्रॅश डंपसाठी (सिस्टीम कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) रॅमएवढा स्वॅप लागतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

स्वॅप मिररवरच ठेवा. त्यातला डेटा टाकाऊ ठरतो तो मशीन बंद झाल्यावर. चालू मशीनवर ती तुमच्या डेटाबेसची जिवंत मेमरी असते. स्वॅप मिररबाहेर असेल, तर डिस्क गेली की मेमरीची ती पानं (तुकडे) परत वाचता येत नाहीत आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) त्या प्रोसेसला मारतो. म्हणजे फायली शाबूत, पण काम ठप्प. काम थांबू नये म्हणूनच तर दुसरी डिस्क घेतली ना? दोन्ही डिस्कवर एकेक स्वॅप पार्टिशन समान प्रायॉरिटीने लावणं तर आणखी वाईट. कर्नल पानं दोन्हीकडे वाटतो, त्यामुळे कुठलीही एक डिस्क गेली तरी फटका बसतोच.

स्वॅपसाठी एमडीचा (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) वेगळा ॲरे, म्हणजे वेगळा मिरर, करा. पान डिस्कवर लिहिलं जात असतानाच मेमरीत बदलू शकतं, मग दोन प्रतींत फरक राहतो आणि तपासणीत ‘मिसमॅच काउंट’ वाढलेला दिसतो. स्वॅपवर तो निरुपद्रवी असतो. पण रूट (मुख्य फाईलसिस्टीम) त्याच ॲरेवर असेल तर आकडा नेमका कशाचा, ते कळत नाही.

आता डंप. लिनक्समध्ये तो स्वॅपमध्ये जात नाही, त्यामुळे रॅमएवढा स्वॅप लागत नाही. केडंप (लिनक्सची डंप घेण्याची सोय) बूटच्या वेळीच थोडी रॅम राखून ठेवतो. मुख्य कर्नल कोसळला की तिथला छोटा कर्नल उठतो, डंप लिहितो आणि मशीन रीबूट करतो. शेवटची लोकल गेल्यावर सर्व्हर पडला, तर सकाळी हाती राहणारा पुरावा बहुधा एवढाच. २५६ एमबी राखून सुरुवात करा, छोटा कर्नलच मेमरी संपून मेला तर वाढवा. फ्रीबीएसडीत (दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम) मात्र डंप सहसा स्वॅपवर जातो, आणि जीमिररमध्ये (तिथलं मिररचं सॉफ्टवेअर) तो सर्वाधिक प्रायॉरिटीच्या एकाच डिस्कवर लिहिला जातो. म्हणून बूटनंतर तो वाचून घेईपर्यंत ‘प्रिफर’ (त्याच एका डिस्कवरून वाचण्याची) पद्धत लावावी लागते. नाहीतर अर्धं वाचन दुसऱ्या डिस्कवरून होऊन डंप बिघडतो.

तुमच्या डेबियनवर डंप ‘व्हार’मधल्या ‘क्रॅश’ डिरेक्टरीत जाईल. छोट्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरायच्या फायलींचा संच) एमडी आहे ना, ते बघा, नाहीतर त्याला तुमचा मिरर दिसणारच नाही. शंका डिस्क कंट्रोलरवरच असेल, तर डंप एसएसएचने (सुरक्षित नेटवर्क जोडणी) दुसऱ्या मशीनवर पाठवा. ज्याच्यामुळे कर्नल कोसळला त्याच्यावरच लिहायला सांगण्यात अर्थ नाही.

मग एकदा मुद्दाम क्रॅश करून बघा. बॅकअप घ्या, डेटाबेस थांबवा आणि रूट युजर म्हणून सिसरिक्यू-ट्रिगर या फाईलमध्ये (कर्नलला थेट आज्ञा देण्यासाठीची) इंग्रजी ‘सी’ अक्षर लिहा. हे रविवारी करा, पण मेगाब्लॉक बघून निघा, कारण मशीन उठलं नाही तर समोर कुणीतरी हवं. डंपची फाईल तयार झाली की तिच्या परवानग्या तपासा. तिच्यात मेमरीतले पासवर्डही असू शकतात.