अरवलीतल्या उभ्या थरांमध्ये जुना कोणता आणि नवा कोणता, हे कसं ओळखायचं?

उदयपूरच्या आसपास थर जवळजवळ उभेच दिसतात, मग 'खालचा जुना, वरचा नवा' हा नियम लावायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. तो नियम थर साचतानाचा आहे. इथले थर सुमारे 200 कोटी वर्षं जुने, एकापेक्षा जास्त वेळा दुमडलेले आणि काही जागी पार उलटलेले आहेत. म्हणून थर कोणत्या बाजूला कलले आहेत यावरून वय ठरवू नका. साचताना 'वर' कुठे होतं, याची खूण खडकातच शोधा.

मी सगळ्यात आधी क्वार्टझाइट, म्हणजे वाळूच्या थरांपासून बनलेला कठीण खडक, बघतो. थरांना आडवा छेद देणारा पृष्ठभाग निवडा आणि पाणी शिंपडा, रेघा उठून दिसतात. वाळू साचतानाच्या तिरप्या रेघा एका टोकाला हळूहळू वळून थराला टेकतात, ती खालची बाजू. दुसऱ्या टोकाला त्या कापल्यासारख्या अचानक संपतात, ती वरची. उदयपूरजवळच्या झामरकोटडाच्या फॉस्फेट खडकात स्ट्रोमॅटोलाइटचे, म्हणजे सूक्ष्मजीवांमुळे थरावर थर चढून बनलेले, खांब आहेत. त्यांच्या आतल्या कमानींचा फुगवटा साचतानाच्या वरच्या दिशेला असतो. इतकी स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

कणांच्या आकारावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मूळ थरात जाड कण खाली आणि चिकणमाती वर असते, हे खरं. पण उष्णता आणि दाबाखाली गार्नेटसारखे मोठे स्फटिक चिकणमातीच्याच भागात वाढतात. मग वरची बाजू जाडसर दिसते आणि निष्कर्ष बरोबर उलटा निघतो.

सर्वाधिक फसगत फायलाइटमध्ये, म्हणजे चिकणमातीपासून उष्णता आणि दाबाखाली बनलेल्या खडकात, होते. तो ज्या पातळीवर सहज फुटतो तिलाच लोक थर समजतात. तुकडा हातात घेऊन कडेने बघा: फिकट-गडद पट्टे त्या पातळीला तिरके छेदत असतील, तर थर म्हणजे ते पट्टे, आणि फुटण्याची पातळी म्हणजे पाटन, दाबाने नंतर तयार झालेलं. दोन्ही एकाच बाजूला कललेले असून थर पाटनापेक्षा जास्त उभा असेल, तर थर उलटलेला समजतात. पण ते पाटन त्याच घडीबरोबर तयार झालेलं असलं तरच. उदयपूरजवळच्या जावरसारख्या ठिकाणी घडीवर घडी पडून थर हुकासारखे वळलेत. तिथे हा नियम एकट्याने वापरू नका.

मिळालेली प्रत्येक दिशा नकाशावर बाणाने मांडा, टोक नव्या थराकडे. सुट्या दगडावरची खूण धरू नका, तो घरंगळत आलेला असू शकतो. बाण समोरासमोर आले तर मध्ये अभिनती (खाली वाकलेली घडी), गाभ्यात नवा थर. पाठमोरे झाले तर अपनती (वर वाकलेली घडी), गाभ्यात जुना. घट्ट मिटलेल्या घडीत दोन्ही भुजा (घडीच्या दोन बाजू) समांतर दिसतात, तेव्हा हे बाण नसले तर एकच क्वार्टझाइट दोनदा मोजला जातो आणि थरांची जाडी दुप्पट निघते.