संध्याकाळचं रडणं आणि ‘दूध पुरत नाही’ हा निकाल

अगं, तुझं सगळं वाचलं. बाळ सात आठवड्यांचं, दिवेलागणीला रडायला लागतं ते नऊ-साडेनऊपर्यंत थांबत नाही. सासूबाईंचं म्हणणं, दूध पुरत नाही, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं ताजं दूध आणून पाणी घालून देऊया, जोडीला गुटीही सुरू करूया. नवरा शिरोलीला सेकंड शिफ्टला. त्यात जुलैचा पाऊस, लंगोट वाळेनात. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत विचारलंस, ‘यातला आनंद कधी वाटायला लागतो?’ त्या ओळीकडे येतेच, पण आधी दुधाचं बोलू. घरातली निम्मी धुसफूस त्यावरूनच चाललेली दिसते.

बाळ किती रडतं यावरून दूध किती येतं हे कळत नाही. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी रडणं वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपसूक ओसरतं. त्यातही संध्याकाळी जास्त. वरच्या दुधावरची, पोट भरलेली बाळंसुद्धा याच वयात अशीच रडतात, मग दोष तुझ्या दुधाला का? आणि हो, साधारण याच सुमाराला छाती पहिल्यासारखी जड, भरलेली वाटेनाशी होते. बायका घाबरतात, दूध आटलं म्हणून. आटलेलं नसतं, बाळाच्या मागणीशी शरीराचा मेळ बसलेला असतो. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं तेही नेहमीचंच. मागेल तेव्हा घे. बाळ ओढेल तसं दूध बनतं. वरचं दूध सुरू केलंस की ओढणं कमी होईल, मग दूध खरंच कमी होईल आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल!

मोजायचंच असेल तर ओले लंगोट मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली शू, तीही फिकट, म्हणजे दूध पोचतंय. सारखं डायपर घालत असशील तर मोजता येणार नाही, म्हणून एक दिवस फक्त लंगोटच बांध (पावसात हे सांगणं सोपं, करणं अवघड, मला ठाऊक आहे). दुसरं, वजन. या वयात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम धर. सहा आठवड्यांच्या लसीच्या डोसला वजन केलं असेल, कार्डावर बघ. दहा आठवड्यांच्या डोसला शक्यतो त्याच काट्यावर परत कर. काटे वेगळे असले की उगीच घोळ होतो. शी दोन-तीन दिवस झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ झाली आणि बाळ नीट पितंय, तर अंगावरच्या दुधावर तेही चालतं.

आता गंगावेस. कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं फेसाळ दूध प्यायचा आपला कोल्हापुरी नाद मलाही आहे. पण ते म्हशीच्या रेडकासाठी बनलेलं दूध. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण १ ग्रॅम प्रथिनं, म्हशीच्या दुधात ४ ग्रॅमच्या आसपास, शिवाय क्षारही जास्त. तो भार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर येतो. पाणी घातलं तर ताकदही पातळ होते आणि पाण्यातून जुलाब व्हायची भीती. न तापवलेल्या दुधाबद्दल तर बोलायलाच नको. ते दूध घरी येऊ दे, उकळू दे आणि पेलाभर तू पी. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेव.

गुटीबद्दल मी जरा कडक आहे. मायफळ, वेखंड, मुरडशेंग उगाळून नेमकं किती पोटात गेलं याला काही माप नसतं. सहाण कितपत स्वच्छ, पाणी कुठलं, हेही प्रश्न. गुटीतल्या जायफळाने बाळ शांत झोपतं म्हणतात, तेच मला नको वाटतं. मध तर वर्षाचं होईपर्यंत चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यात नको. कानानाकात तेलही नको. टाळूवर हलक्या हाताने तेल लावायला माझी काही हरकत नाही.

पण हे सगळं सासूबाईंसमोर असं एका दमात वाचून दाखवू नकोस, घरात रण माजेल. आज्जीला ‘नको’ म्हणण्यापेक्षा काम दिलेलं बरं. दूध पाजून झालं की सात ते साडेआठ बाळ त्यांच्याकडे. उभं धरून खांद्यावर घेणं, गॅलरीत फेऱ्या, झोळीचा झोका, त्यांची ती जुनी गाणी, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं जमतं. तेवढ्यात तू गरम भाकरी खा आणि पाठ टेक. सहा महिन्यांनी उष्टावणाला नाचणीचं सत्त्व त्यांनीच करायचं, हेही आत्ताच सांगून ठेव. वजनाच्या वेळी त्यांना सोबत ने. सुनेचं ऐकायला जड जातं, काट्याचं जात नाही.

लंगोट वाळवायला शेगडीवर बुट्टी उपडी घालायची आपल्याकडे पद्धत आहे. खोली बंद असेल तर ते अजिबात करू नका. कोळशाचा विषारी वायू कळतही नाही. पंख्याखाली दोरी बांध आणि शेवटचा ओलसरपणा इस्त्रीने घालव.

कधी रडणं डोक्यात जाईल. तेव्हा बाळाला पाळण्यात उताणं ठेव, दार ओढून घे आणि पाच मिनिटं बाहेर उभी राहा. रागाच्या भरात गदागदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते. नवऱ्यालाही सांगून ठेव. मात्र १००.४ च्या वर ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पिणंच सोडणं, मलूल पडणं किंवा शू एकदम कमी होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो.

आणि तुझी ती शेवटची ओळ. सहा ते आठ आठवड्यांत बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं. झोपेतलं हसू वेगळं, हे तुझ्या तोंडाकडे बघून येतं. सकाळी पोट भरलेलं असताना वीतभर अंतरावर तोंड ने, बोल आणि थांब. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो. मग हुंकार येतात, ‘अग्गू’ येतं. पुष्कळ जणींना गोडी तिथूनच लागते, पहिल्या दिवसापासून उमाळा यायलाच हवा असं कुणी ठरवलं? पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल किंवा नको नको ते विचार येत असतील, तर तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्याला उपचार आहेत आणि ते घेताना बहुतेक वेळा दूध तोडावं लागत नाही. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना उठव.

अंबाबाईला न्यायचं असेल तर मंगळवार-शुक्रवारची गर्दी टाळ, साध्या दिवशी दुपारी जा. रंकाळ्याला पाऊस उघडल्यावर. डोस झाला की वजन किती भरलं ते कळव, आणि सासूबाई सोबत आल्या होत्या का तेही.