काका म्हणतोस ना त्यांना, मग पेस्लिप मागून बघ

अरे,

परवा रात्रीचा तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. हॉटेलचं क्लोजिंग करून ट्राममधून बोलत होतास, अर्धं घंटीतच गेलं, पण कळायचं ते कळलं. तासाला १५ डॉलर, कॅश, रविवारी पण तेवढेच, पेस्लिप नाही, आणि शेवटी तुझं ते वाक्य, "पण ताई, माणूस चांगलाय, रोज जेवण देतात." त्या "पण"साठी हे एवढं लांबलचक लिहितेय, कारण फोनवर तू मला मधेच तोडतोस.

मी पण एका मालकाला काकाच म्हणायचे. २०१० ची गोष्ट, इथेच मेलबर्नला. एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते, पहिले दोन आठवडे त्यांच्या घरी राहिले, दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचे, त्यामुळे पैशाचं बोलायला जीभच रेटायची नाही. तेव्हा कायद्याने किमान वेतन तासाला १५ डॉलर होतं आणि मला १० मिळायचे. (म्हणजे तुला आज जे मिळतंय ते २०१० चं किमान वेतन आहे, हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं आणि जरा गप्पच बसले.) काकांची तेव्हा तीन हॉटेलं होती, मी भांडी घासत असताना चौथं उघडलं. धंद्यात काही राहत नाही गं, असं ते नव्याकोऱ्या गाडीत बसून सांगायचे आणि मला ते खरं पण वाटायचं, उलट माझ्यामुळे त्यांना खर्च पडतो म्हणून वाईट वाटायचं.

पुढे मी पेरोलच्या, म्हणजे कंपन्यांच्या पगाराचे हिशोब करायच्या कामात आले आणि एकदा सहज म्हणून स्वतःचाच हिशोब मांडला. नुसता पाच डॉलरचा फरक धरला, आठवड्याला वीस तास, दीड वर्ष, तरी साडेसात हजारांच्या वर गेला. वीकेंडचे जादा वेगळे, सुपर, म्हणजे मालकाने निवृत्तीसाठी भरायचे पैसे, ते तर माहीतच नव्हतं. आणि थकलेला पगार मागायची मुदत सहा वर्षांची असते, ती केव्हाच उलटून गेली होती.

तुझी नाही उलटलेली. आता तुझे आकडे बघ. १ जुलै २०२५ पासून इथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल (म्हणजे कायम नोकरी नाही, लागेल तसं बोलावणं) असशील तर वर २५ टक्के, म्हणजे साधारण ३१ च्या पुढे, आणि शनिवार-रविवार, पब्लिक हॉलिडेला त्याहून जास्त. सुपरचे १२ टक्के मालकाने वेगळे भरायचे, तुझ्या हातातल्या पैशातून नाही. साधे दिवस धरले तरी तासाला १६ डॉलर कमी, आठवड्याचे २४ तास, पावणेचारशेच्या वर जातात रे दर आठवड्याला. रोजचं जेवण जरा महागच पडतंय, नाही का?

आता तू म्हणशील की मला माहितीये कमी देतात ते. बरोबर, माहीतच असतं. २०१६ मध्ये इथल्या दोन युनिव्हर्सिटींच्या संशोधकांनी ४,३२२ टेम्पररी व्हिसावाल्यांचा सर्व्हे केला होता, त्यात इंटरनॅशनल स्टुडंट्सपैकी चौथ्या हिश्श्याला तासाला १२ डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि बहुतेकांना किमान वेतन यापेक्षा जास्त आहे हे ठाऊक होतं. म्हणजे अडतं ते माहितीपाशी नाही. सगळ्यांनाच एवढं मिळतं, आपणच कशाला वाईट व्हा, तिथे अडतं. आणि मालक आपल्या भाषेत बोलणारा असला की आणखीनच, कारण मग पगार मागणं म्हणजे उपकार विसरणं वाटायला लागतं. एअरपोर्टवरून आणलं हा उपकार झाला, मान्य, त्याचे आभार जन्मभर मानू, पण तो काही पगारातून हप्त्याने फेडायचा नसतो.

आणि हे फक्त आपल्याकडच्या कॅशवाल्या हॉटेलांत होतं असं पण समजू नकोस. जॉर्ज कॅलॉम्बारिस आठवतो ना, मास्टरशेफचा जज? त्याच्या कंपनीने २०११ ते २०१७ मध्ये ५१५ लोकांना मिळून ७८ लाख ३० हजार डॉलर कमी दिले होते, २०१९ मध्ये फेअर वर्कने, म्हणजे कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ते सगळं जाहीर केलं. पेनल्टी रेट (वीकेंड-सुट्टीचा जादा दर), ओव्हरटाइम, स्प्लिट शिफ्टचा (मधे खंड पाडून दोन वेळा कामाला बोलावण्याचा) भत्ता, सगळ्यात कमी. प्रायश्चित्त म्हणून कंपनीने किती भरले, तर दोन लाख. लोक चिडले ते उगाच नाही. एवढ्या नावाजलेल्या किचनमध्ये उभं राहायला मिळतंय हाच पगार, असं तिथल्या पोरांनी पण स्वतःला समजावलं असणार, माझा अंदाज.

तुला वाटतं पेस्लिप नाही म्हणजे आपल्याकडे पुरावा नाही. उलटंय. पेस्लिप पगाराच्या एका वर्किंग डेच्या आत द्यावी लागते आणि रेकॉर्ड सात वर्षं ठेवावे लागतात, आणि २०१७ पासून असं आहे की मालकाने ते केलंच नसेल तर तुझा दावा खोटा आहे हे कोर्टात त्याने सिद्ध करायचं. म्हणून तू फक्त तुझ्या बाजूचं नीट ठेव. रोज किती वाजता आत गेलास, किती वाजता सुटलास, किती हातात आले, एका साध्या वहीत, त्याच रात्री. भिंतीवरच्या रोस्टरचा फोटो, शिफ्टला ये म्हणणारे मेसेज, ट्रामच्या कार्डची हिस्टरी. मी हे कागद दुसऱ्या बाजूने बघितलेत, "ताई दहाच तास दाखवा, बाकीचं मी बघतो" म्हणणारे दोन क्लायंट मी सोडलेत, त्यामुळे सांगते, मालक लोक भांडणाला घाबरत नाहीत, त्या वहीला घाबरतात. आणि त्यांनी एबीएन (स्वतःचा धंदा करणाऱ्याचा नंबर) काढ म्हणून सुचवलं तर काढू नकोस हं, त्यांच्याच रोस्टरवर भांडी घासणारा माणूस कॉन्ट्रॅक्टर होत नाही.

व्हिसाचं. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास कामाची मर्यादा आहे आणि तू डिसेंबरात परीक्षा संपायच्या आधीच ती ओलांडलीस, हे तू मेसेजमध्ये अगदी हळू आवाजात सांगितलंस. तुझ्या काकांना पण ते माहितीये, त्यांनीच तेव्हा डबल शिफ्ट लावल्या. तेव्हा एक लक्षात घे, व्हिसाच्या अटी मोडायला दबाव आणणं किंवा व्हिसाची भीती घालून राबवून घेणं, हा १ जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा आहे. पिळवणुकीची तक्रार करणाऱ्याचा व्हिसा अशा कारणाने रद्द होऊ नये म्हणून काही अटींवर संरक्षण पण आहे. पण त्या अटी तुला लागू होतात का हे मी ठरवणार नाही आणि तुझ्या रूममेटने पण ठरवू नये, आधी वकिलाला विचारायचं. इथे व्हिक्टोरिया राज्यात जॉबवॉच नावाची संस्था आहे, फुकट सल्ला देतात. तुझ्या कॉलेजच्या स्टुडंट युनियनमध्ये पण विचार. फेअर वर्ककडे त्यानंतर.

१ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार कमी देणं हा फौजदारी गुन्हा झालाय, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे काकांना ऐकवायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहितीये, एकतर महिनोन्महिने गप्प नाहीतर एकदम भांडण. खरंतर त्यांना एवढ्यात काहीच बोलू नकोस. आधी दुसरं काम बघायला लाग, पेस्लिप देणारं, पगार थोडा कमी वाटला तरी चालेल पण बँकेत येणारं. ट्रायल शिफ्टच्या नावाखाली आठवडाभर फुकट राबवणारे भेटतील, तिथून सरळ निघून यायचं.

आणि ते व्हिसा स्पॉन्सर करण्याचं काकांचं गाजर, त्याच्याबद्दल समोरासमोर बोलू, लिहिलं तर माझा तोल जाईल.

रविवारी तुझी शिफ्ट चारला सुटते ना, तशीच ट्राम पकड आणि इकडे ये. नोव्हेंबरपासूनचे मेसेज डिलीट केले नसशील तर फोन चार्ज करून आण, नाहीतर गेल्या वेळसारखा माझाच चार्जर शोधत बसशील. वही मी आणून ठेवलीये.

ताई