‘परमेश्वर म्हणतो, नोकरी सोड’ असं कुणी सांगितलं तर?

ताई, प्रभूमध्ये सलाम. प्रार्थनासभेला आलेल्या पाहुण्या सेवकांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘परमेश्वर म्हणतो, ही नोकरी सोड, तीन महिन्यांत परदेशाचं दार उघडेल.’ तुमचे पाळकसाहेब म्हणतात, भविष्यवाणी प्रेषितांबरोबरच, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या पिढीबरोबरच, संपली. आता ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर दोघांनाही आवडणार नाही. देव आजही असा बोलतो असं मी मानतो. पण राजीनामा देऊ नका.

मी जुन्या मिशनच्या मंडळीत वाढलो. उपासनेत कुणी मध्येच ‘प्रभू म्हणतो’ म्हणत उभं राहिलं असतं तर वडील मंडळींनी हात धरून बाहेर नेलं असतं. सासुरवाडी मात्र पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्मा आजही माणसांतून बोलतो असं मानणारी. त्यामुळे गेली पंचवीस वर्षं दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

‘संपली’ म्हणणारे बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला अध्याय, १ करिंथ १३, दाखवतात: पूर्ण ते आलं की अपूर्ण ते जाईल, आणि पूर्ण म्हणजे बायबल. पण त्याच अध्यायात, बाराव्या वचनात, समोरासमोर पाहण्याची गोष्ट आहे. बायबल हातात असूनही मला तरी अजून आरशात अंधुकच दिसतं. प्रेषित पेत्रानं पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवशी योएल संदेष्ट्याचं वचन घेतलं, त्यात पुत्रांबरोबर कन्याही संदेश देतील असं आहे. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडत, मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या तेव्हा बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. पुढे त्याच बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या. एकाला धरलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही.

पाळकसाहेबांची भीती मात्र खोटी नाही. दुसऱ्या शतकात फ्रुगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, माँटेनस नावाचा संदेष्टा आणि त्याच्या सोबतच्या दोन स्त्री-संदेष्ट्या उभ्या राहिल्या. त्यातल्या मॅक्सिमिलाच्या नावावर ‘माझ्यानंतर संदेष्टा नाही, थेट शेवट’ असे उद्गार आहेत. शेवट काही आला नाही. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत ट्रम्पच जिंकणार असं देवाच्या नावानं सांगणारे कितीतरी होते. निकालानंतर थोड्यांनीच माफी मागितली.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. भविष्यवाणी म्हटलं की डोक्यात पत्रिका येते, आणि देहभान हरपून कुणी बोलू लागलं की अंगात आल्यासारखं वाटून आपण हात जोडतो. मराठी बायबलातला शब्द ‘संदेश’ आहे. पौल त्याचं काम सांगतो ते उन्नती, उत्तेजन, सांत्वन (१ करिंथ १४:३). शिवाय संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्याच ताब्यात असतो, म्हणजे ‘माझा इलाज नव्हता, आत्म्यानं बोलायला लावलं’ ही सबब चालत नाही. आणि दोघा-तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारख करावी, असं तो स्पष्ट लिहितो.

तुमच्यासाठी मात्र मला बायबलमधल्या अगब नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा त्यानं दुष्काळ पडणार असं सांगितलं, तेव्हा अंत्युखियाच्या लोकांनी यहूदीयातल्या बंधूंसाठी मदत गोळा करून पाठवली. दुसऱ्यांदा कैसरियात, फिलिप्पाच्या घरी, त्यानं पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले: हा ज्याचा आहे त्याला यरुशलेमात असंच बांधतील. सगळे रडू लागले, जाऊ नका म्हणू लागले. पौल गेलाच. अगब ‘जाऊ नकोस’ म्हणालाच नव्हता. ते माणसांनी मायेपोटी जोडलं. संदेश खरा होता, आणि तरीही निर्णय पौलाचाच राहिला. अगबाला तो हक्क नव्हता, तर तुमच्या पाहुण्यांना कुठून आला?

त्यांना एवढंच विचारा: हेच शब्द तुम्ही आमच्या पाळकांसमोर आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर पुन्हा म्हणाल का? चिडले तर समजा. सभेनंतर ‘बियाणं पेरा’ म्हणून दानाची गोष्ट निघाली असेल तर तेही ध्यानात घ्या. ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती ग्रंथात लिहिलंय की आत्म्यात असताना पान वाढायला सांगून जो स्वतःच त्यावर जेवायला बसतो, तो खोटा संदेष्टा. पैसे मागणाऱ्याचं तर ऐकूच नका. आता पान वाढत नाहीत, क्यूआर कोड दाखवतात.

दार खरंच उघडलं तर हातात ऑफर लेटर येईल, राजीनामा त्यानंतर. तुमचा नोटीस पिरियड किती आहे, तेवढं कळवा.