कोयत्याचं म्यान, कात्रीची पिशवी: चामडं घरी शिवणाऱ्यांच्या शंका

ऊसतोड आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की हत्यारांच्या म्यानांबद्दल पत्रं वाढतात. सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग अनेकांना होईल अशी या अंकात घेतली आहेत.

प्रश्न (निपाणी): बाजारातून ‘अस्सल चामडं’ म्हणून आणलं, पाण्यात भिजवून सुरीभोवती दाबलं. वाळल्यावर पुन्हा होतं तसं मऊ, लोंबतं. चामड्यात खोट आहे का? आणि जाडी किती घ्यावी?

उत्तर: चामडं अस्सलच असणार, पण ते क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं आहे. पिशव्या, पाकिटं, जाकिटं यांसाठी तेच चालतं. ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. म्यानाला झाडपाल्यावर कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशांच्या अर्कात मुरवलेलं चामडं लागतं. ते भिजलं की मळल्यासारखं वळतं आणि वाळलं की तसंच राहतं.

ओळखायच्या तीन खुणा आहेत. कापलेली कड बघा: आत निळसर-करडा थर दिसला तर क्रोम, सगळीकडे सारखा तपकिरी असेल तर सालीचं. गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका: सालीचं चामडं तो लगेच पितं आणि डाग गडद होतो. तरी शंका असेल तर बोटभर तुकडा जाळून बघा. क्रोमची राख हिरवट-करडी पडते.

यासाठी तुम्हाला लांब जायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जो भौगोलिक मानांकनाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. अथणी-निपाणी पट्ट्यातले कारागीर चपलेच्या तळाला सालीवर कमावलेलं म्हशीचं चामडंच वापरतात. त्यांच्याकडचं उरलेलं कातरण सुरीच्या म्यानाला सहज पुरतं. निवडताना पाठीकडचा तुकडा मागा. पोटाकडचं चामडं सैल असतं, ताणलं जातं आणि म्यान वर्षभरात ढिलं पडतं.

जाडी: घरगुती सुरीला २.५ ते ३ मिमी, कोयत्याला ३ ते ३.५ मिमी. चारच्या वर गेलात तर घडी घालताना गुळगुळीत बाजू तडकते.

प्रश्न (चिकोडी): ऊसतोडीच्या कोयत्याला म्यान शिवलं. कोयता आत जाताना अडकतो, ओढला की बाहेर येत नाही. महिनाभरात टोकाकडचा दोराही तुटला. दोरा जाड घ्यायला हवा होता का?

उत्तर: दोरा कितीही जाड घेतला तरी तो तुटणारच, कारण धार त्याच्यावर टेकते आहे. आणि कोयता अडकतो तो त्याच्या आकारामुळे. दोन्ही दुखणी मापातली आहेत.

आधी कोयता कागदावर ठेवून रेघ मारा आणि मुठीपासून दर ५ सेंमीवर पात्याची रुंदी मोजा. मुठीजवळचा गळा पोटापेक्षा, म्हणजे पात्याच्या सर्वांत रुंद भागापेक्षा, अरुंद असेल तर तोंडातून सरकवायचं म्यान त्याला बसणारच नाही. गळ्याच्या मापाने शिवलं तर पोट आत जात नाही, पोटाच्या मापाने शिवलं तर कोयता आत खडखडतो. अशा कोयत्याचं म्यान पाठीकडून उघडं ठेवायचं. धारेची बाजू आणि टोक तेवढं शिवायचं, कोयता पाठीकडून आडवा आत ठेवायचा आणि वरून २० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या टिचबटणांनी लावायच्या: एक गळ्याशी, दुसरी टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर.

आता दोऱ्याचं. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये त्याच जाडीच्या चामड्याची १५ मिमी रुंद पट्टी घाला. शिलाई बाहेरच्या कडेपासून ५ मिमी आत घ्या. म्हणजे धार आणि दोरा यांच्यात १० मिमी चामडं उरतं. धार त्या पट्टीत थोडी रुतेल. रुतू द्या, पट्टी त्याचसाठी आहे. तुमच्या म्यानात ही पट्टी नाही, म्हणून कोयत्याचा सगळा भार टाक्यांवर येतो, आणि टोकाकडे सर्वांत जास्त.

कामाचा क्रम चुकला की उसवावं लागतं. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, त्यात कोयता घालून बघा. मग चामडं कापा. पट्ट्या आणि कमरेच्या पट्ट्यासाठीचा कान म्यान मिटवण्याआधीच शिवा, नंतर आत सुई जात नाही. कानाची मोकळी जागा पट्ट्याच्या रुंदीपेक्षा चामड्याच्या दुप्पट जाडीइतकी जास्त लागते: ३८ मिमी पट्टा आणि ३ मिमी चामडं असेल तर निदान ४५ मिमी.

मधली पट्टी चिकटवताना गुळगुळीत बाजू वाळूकागदाने खरवडून घ्या, नाहीतर सोल्युशन (चामडं चिकटवायचा रबरी डिंक) धरत नाही. दोन्ही पृष्ठांवर पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं थांबा, मग जोडून हातोडीने ठोका. ओलं असताना जोडलं तर आतलं सोल्युशन वाळत नाही आणि कड उकलते. चिकटवून झालं की तिन्ही थरांची कड एकत्र तासून एकसारखी करा, मगच भोकं पाडा. शिलाईच्या दोन्ही टोकांना एकेक पितळी किंवा तांब्याचं रिव्हेट ठोका. टाके नेहमी तिथूनच सुटायला लागतात. मापं घेताना आणि घालून बघताना धारेवर कागदी टेप चिकटवून ठेवा. बोटं कापतात ती बहुतेक याच वेळी.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): सुरुवातीला कोणती अवजारं घ्यावीत? माझी शिलाई पुढून सरळ दिसते, मागून वाकडीतिकडी. दोरा तर दर वेळी कमी पडतो.

उत्तर: रापी (चामडं कापायची सुरी), आरी (भोकं पाडायचा टोच्या), स्क्रूचा कंपास, हातोडी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेणाचा दोरा, पोकळ पंच आणि खाली घ्यायला लाकडाचा ठोकळा. पहिल्या म्यानाला एवढं पुरतं. पैसे वाचवायचे असतील तर बाकी कशातही वाचवा, पण रापी आणि आरी चांगली घ्या आणि दोन्हींना धार ठेवा. बोथट रापी चामडं कापत नाही, ढकलते, आणि दोन तुकडे कधीच जुळत नाहीत.

मागची शिलाई वाकडी येते कारण आरी तिरकी जाते. जाड थरात वरून भोक सरळ दिसतं, पण खाली मिमीभर सरकलेलं असतं. कंपासने दोन्ही बाजूंना कडेपासून तेवढ्याच अंतरावर रेघ ओढा, वरच्या रेघेवर ४ मिमीच्या अंतराने खुणा करा आणि आरी मागच्या रेघेवरच निघते का हे प्रत्येक भोकाला बघा. तीन थर असतील तर ड्रिल उभ्या स्टँडला लावून १.५ मिमीच्या बिटाने भोकं पाडणं जास्त खात्रीचं. हातात धरलेलं ड्रिल मात्र आरीपेक्षाही वाकडं जातं.

दोऱ्याचा हिशेब जाडीवर बसतो. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही समोरासमोरून जातात. ४ मिमीच्या एका टाक्यात प्रत्येक सुईचा दोरा ४ मिमी पुढे जातो आणि चामड्याच्या जाडीइतका आरपार जातो. ३ मिमीचे दोन थर म्हणजे ६ मिमी: एका बाजूचा १०, दोन्हींचा मिळून २० मिमी. म्हणजे शिलाईच्या पाचपट. कोयत्याच्या तीन थरांना, साधारण १० मिमी जाडीला, तो सातपट होतो. त्यावर सुया धरायला आणि शेवटी मागे दोन टाके घ्यायला ५० सेंमी वेगळा ठेवा. ४० सेंमीच्या तीन थरांच्या शिलाईला ३ मीटर ३० सेंमी दोरा लागतो.

प्रश्न (अथणी): छाटणीच्या कात्रीसाठी कमरेची पिशवी केली. भिजवून उन्हात वाळवली तर ती वाकली, लाकडासारखी झाली आणि घडीवर तडे गेले.

उत्तर: अथणीच्या उन्हात ओलं चामडं ठेवायचंच नाही. वरचा थर आधी वाळून आखडतो, आतला ओलाच राहतो, म्हणून वाकतं. पाणीही साधं घ्या. सालीवर कमावलेलं चामडं ओलं असताना सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं आणि तो आकस परत जात नाही.

चामडं पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी उघडं ठेवा. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावलं तर गार लागतं, हीच आकार द्यायची वेळ. चिंब ओल्या चामड्यावर दाबलेला आकार परत सपाट होतो. कात्रीला तेलाचा हात द्या, पातळ प्लॅस्टिक दोन पदरी गुंडाळा, मिटून आत घाला आणि लाकडी चमच्याच्या पाठीने कडा दाबत या. नख आणि पक्कड लागू देऊ नका, त्यांचे व्रण कायमचे राहतात. तासाभराने कात्री अलगद काढा आणि पिशवी सावलीत निदान २४ तास वाळवा. कात्रीच्या मुठी पिशवीच्या तोंडाबाहेर मोकळ्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे हातमोजा घालूनही ती एका हाताने निघते.

बागेतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) लागलेली कात्री तशीच पिशवीत घालू नका. त्यातला मोरचूद लोखंड खातो आणि चामड्यातली ओल त्याला मदत करते.

प्रश्न (खानापूर): पावसाळ्यात म्यानावर पांढरं येतं, काळे ठिपके पडतात, कोयताही गंजतो. आम्ही खोबरेल तेल लावतो.

उत्तर: तीन वेगळी कारणं आहेत. पांढऱ्याजवळ हाताची ऊब किंवा गरम हवा न्या. विरघळून गेलं तर ती बुरशी नाही, खोबरेलच वर येऊन गोठलेलं आहे. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. न विरघळणारी, कुबट वासाची असेल ती बुरशी. व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्यावर वाळवा. पुढे खोबरेलाऐवजी मधमाशीचं मेण एक भाग आणि एरंडेल तीन भाग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून घ्या, गार झालं की अगदी पातळ चोळा. जास्त लावलंत तर म्यान मऊ पडून आकार सोडतं. जवसाचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं.

काळे ठिपके लोखंडाचे आहेत. ओल्या चामड्यातल्या सालीच्या अर्काचा लोखंडाशी संबंध आला की शाईसारखा काळा रंग होतो. हातोडीचा गंज, लोखंडी बक्कल, कानशीचा कीस, काहीही पुरतं. ताजा डाग लिंबाच्या रसाने फिका होतो, नंतर पाण्याने पुसून घ्या. बक्कल पितळेचं आणि रिव्हेट पितळेची किंवा तांब्याचीच वापरा.

गंजाला उपाय एकच: पावसाळाभर कोयता म्यानात ठेवायचा नाही. पुसून, तेल लावून वेगळा टांगा. म्यानाच्या टोकाला ४ मिमीचं एक भोकही ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जातं.

प्रश्न (रायबाग): टिचबटण नीट ठोकलं तरी आठवड्यात निघून येतं.

उत्तर: बटणाची नळी चामड्याला आखूड पडते आहे, त्यामुळे तिची कड पुरेशी उलगडत नाही. बटणाच्या जागी चामडं मागच्या बाजूने रापीने तासून २ मिमीवर आणा. भोक नळीला घट्ट बसेल एवढंच पाडा. याउलट नळी लांब असेल तर ती ठोकताना आत वाकते. तिथे चामड्याची छोटी चकती घालून जाडी भरून काढा. ठोकून झाल्यावर बटण बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर काढून पुन्हा नवीन ठोका, वाकलेली नळी दुसऱ्यांदा धरत नाही.