"छान आहे" म्हणणाऱ्यांना मोजू नकोस

वीस जणांना धंद्याची कल्पना सांगितली आणि विसांनाही आवडली, असं तू लिहिलंस. मला तिथेच काळजी वाटली. 'आवडली' म्हणायला कुणाचं काही जात नाही. मीही सुरुवातीला असंच विचारत फिरलो, "असं काही मिळालं तर घ्याल ना?" यावर तोंडावर नाही कोण म्हणेल? त्याऐवजी विचार, "ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? किती खर्च आला?" समोरच्याला काही आठवलंच नाही, तर तेच तुझं उत्तर. आपल्या मताला दुजोरा देणारं तेवढंच कानावर घेण्याची सवय नवख्याला फार महागात पडते, म्हणून यावर सगळ्यात जास्त मेहनत घे.

अतिआत्मविश्वासातून कुणीच सुटत नाही. कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांच्या १९८८ च्या अभ्यासात सुमारे ३,००० उद्योजकांपैकी ८१ टक्क्यांना यशाची शक्यता दहात सात किंवा जास्त वाटत होती. ३३ टक्क्यांना तर दहात दहा! यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्री-मॉर्टेम' पद्धत भागीदारासोबत करून बघ. वर्षभराने धंदा बुडालाय असं धरा आणि का बुडाला, ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहा. एकमेकांचं वाचण्याआधी.

आणि एक, किती पैसे आणि किती महिने गेल्यावर थांबायचं, तो आकडा आजच लिहून भागीदाराकडे दे. मी दिला नव्हता. 'एवढे घातलेत, आता कसं सोडायचं' म्हणत आठ महिने जास्त ओढलं, आणि त्यात घरची शिल्लकही गेली.