आधी काय बदलावे : गीझर, पंखे की फ्रिज?

प्रश्न : मंगळवार पेठेतील आमच्या दुमजली घराला महिन्याकाठी सुमारे 230 युनिट वीज लागते. दिवाळीच्या बोनसमधून वीज वाचवणारी उपकरणे घ्यावीत, असा विचार आहे. दुकानदार फाइव्ह स्टार गीझर सुचवतो, तर मुलगा पंखे बदलू म्हणतो. फ्रिजही पंधरा वर्षांचा झाला आहे. सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाचे ऐकावे. साठवणीच्या गीझरवरील स्टार हे तापवून ठेवलेल्या पाण्याची उष्णता टाकीतून किती कमी निसटते, एवढेच सांगतात. पंधरा लिटर पाणी 35 अंशांनी तापवण्यास कोणत्याही गीझरला 0.6 युनिटच्या आसपास वीज लागणारच. आपल्याकडे अंघोळी उरकल्या की बटण बंद होत असेल, तर त्या जादा स्टारचे मोल फारसे उरत नाही.

पंख्याचे तसे नाही. साधा जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षातले नऊ महिने पंखा फिरतो असे धरले, तर एका पंख्यामागे जवळपास 145 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतरचा टप्पा महाग असतो आणि आपली बचत त्याच टप्प्यातून वजा होते. म्हणून सरासरी दर न धरता बिलावरील त्या टप्प्याचा दर वहन आकारासह (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा युनिटमागचा आकार) पाहावा. हिशेबापुरते युनिटला 10 रुपये धरले, तरी तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत आपली किंमत फेडतो. मात्र हे माजघर आणि झोपण्याच्या खोलीपुरतेच खरे आहे. पाहुणे आल्यावर तासभर लागणारा माडीवरचा पंखा बदलण्यात पैसा अडकवू नये.

फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्याचा क्रमांक दुसरा. घेताना स्टार मोजण्याऐवजी लेबलवर छापलेले वार्षिक युनिट आणि लेबलचे वर्ष पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या मालावरचे पाच स्टार आजच्या पाचांइतके नसतात. आणि नवा आला की जुना फ्रिज ‘लोणची-पापडांना होईल’ म्हणून माडीवर चालू ठेवण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास बिल कमी होण्याऐवजी वाढेल.